एक पोस्ट, दोन प्रतिसाद

रविवार, रात्रीचे अकरा चाळीस. बारा वाजता ऑनलाइन अभ्यासक्रमातला चर्चेचा आठवडा बंद होणार. माझी स्वतःची पोस्ट बुधवारीच गेली होती, पण दोन सहाध्यायांना प्रतिसाद देणं राहिलं होतं. मी चर्चेचं पान वरखाली करत होते. वाचत नव्हते, शोधत होते: कुणाची पोस्ट लहान आहे, कुणाला अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही. एक सापडली. "तुमचा मुद्दा फार आवडला, त्यात एक भर घालावीशी वाटते," असं म्हणून मी त्या बाईंचाच मुद्दा वेगळ्या शब्दांत त्यांना परत केला. दीडशे शब्दांची अट होती, एकशे बावन्न भरले. दुसरा प्रतिसाद अकरा सत्तावन्नला गेला. सोमवारी सकाळी पाहिलं तर माझ्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलं होतं, "तुमचा मुद्दा फार आवडला, त्यात एक भर घालावीशी वाटते."

त्या आठवड्याचा विषय होता, ऑनलाइन वर्गात खरा संवाद कसा घडवावा.

मी शिकवते. नोकरी सांभाळून शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली, सगळीच्या सगळी ऑनलाइन. तेव्हापासून ओळखीतले शिक्षक एकच विचारतात: करावी का? विचारणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना शंका असते की घरबसल्या मिळालेली पदवी ती काय पदवी. बाकीच्यांना उत्सुकता असते की नवीन सॉफ्टवेअर किती शिकवतात. मी जे सांगते ते दोघांनाही फारसं रुचत नाही. या विषयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम ही स्वतःच एक प्रयोगशाळा असते, कारण जे शिकायचं तेच आपल्यावर चाललेलं असतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला परीक्षानळीत शिरून बसता येत नाही, आम्हाला येतं. अभ्यासक्रम आपल्याला ही नळी आतून तपासू देत असेल, आपल्याच कारभाराची चिरफाड करू देत असेल, तर पदवी जरूर घ्यावी. नसेल तर ती फार महागात पडलेली माहितीपुस्तिका आहे. आणि हा एकट्यादुकट्याच्या बढतीचा प्रश्न नाही. ही पदवी घेतलेली माणसंच पुढं शाळा-कॉलेजांनी कोणती प्रणाली घ्यायची, मुलांची कोणती माहिती साठवायची, हे ठरवणाऱ्या समित्यांवर बसतात.

घरबसल्या शिकण्याची शंका लवकर निकालात काढता येते. दुरून शिकणं इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. आयझॅक पिटमन 1840 च्या सुमारास टपालानं लघुलिपी शिकवत होता. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे, तो तपासून परत जायचा. लंडन विद्यापीठानं 1858 मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेचं दार उघडलं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. थॉमस रसेल यांनी तर वर्गातल्या आणि दुरून दिलेल्या शिक्षणाची तुलना करणारे 355 अहवाल आणि निबंध गोळा करून 1999 मध्ये छापले, आणि त्यांतून पुन्हापुन्हा एकच गोष्ट निघत होती: निकालात लक्षणीय फरक नाही.

शिक्षणसंशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच याचं कारण एका उपमेत सांगून टाकलं होतं. माध्यम म्हणजे किराणा वाहून आणणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांना हे पटलं नाही. माध्यमाच्या अंगी काही खास क्षमता असतात आणि त्या नीट वापरल्या तर शिकण्यावर परिणाम होतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वर्गात या वादावर वादविवाद ठेवला होता आणि मी क्लार्कच्या बाजूनं बोलले. आता विचाराल तर मला दोघांपेक्षा दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांची मांडणी उपयोगी वाटते. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, ते म्हणतात. अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आणि शिक्षक-विद्यार्थ्यांत संवाद किती, यावर ते ठरतं. हे माप लावलं तर तीनशे जणांच्या सभागृहात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा पिटमनच्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी लांब बसलेला असतो. पिटमनच्या विद्यार्थ्याची चूक निदान त्याच्याकडं परत तरी यायची.

तर ऑनलाइन आहे म्हणून पदवी हलकी होत नाही. घोडं पेंड खातं ते दुसरीकडं.

दुसऱ्या सत्रात व्हिडिओच्या रचनेवर एक पूर्ण मॉड्यूल होतं. त्यात फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा 2014 चा अभ्यास होता: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहण्याची 69 लाख सत्रं तपासली, आणि व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत असं दिसलं. रिचर्ड मायर यांचं तत्त्वही होतं, की चित्र दाखवून तोंडी समजावताय ना, मग तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहू नका; डोळे आणि कान एकाच मजकुरावर खर्ची पडतात. हे सगळं आम्हाला ज्या व्हिडिओतून सांगितलं तो बावन्न मिनिटांचा होता. पडद्यावर स्लाइड, स्लाइडवर आठ ओळी, आणि सर त्या आठ ओळी वाचून दाखवत होते. एकतिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "उद्या सुट्टी आहे, म्हणून आज जरा लांबवतो." ती सुट्टी कोणत्या वर्षातली हे कळायला मार्ग नव्हता. मी तो व्हिडिओ भर परीक्षेच्या आठवड्यात पाहत होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी चर्चेत लिहिली नाही. गुण जायची भीती होती.

असंच एकदा रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग वाचायला होता. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढं असतात, पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत, ज्यांनी पुन्हा न वाचता आठवून लिहायचा सराव केला होता ते पुढं जातात. आठवायला लावणं हेच शिकवणं आहे, असा त्याचा मथितार्थ. या धड्याखालची क्विझ पुस्तक उघडं ठेवून द्यायची होती, प्रयत्न तीन, आणि प्रश्नातला शब्द धड्यात शोधला की उत्तर समोर. मला दहापैकी दहा मिळाले. प्रयोगातले दोन गट कोणते, हे पुढच्या आठवड्यात एका सहाध्यायानं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

आणि फीडबॅक. अभिप्राय लवकर आणि नेमका हवा, यावर मी स्वतः बारा पानांचा निबंध लिहिला. त्यावर तेवीस दिवसांनी अभिप्राय आला: "छान प्रयत्न. संदर्भ अधिक हवेत. 17/20." तोवर मी पुढचे दोन निबंध त्याच पद्धतीनं, तितक्याच संदर्भांनिशी लिहून मोकळी झाले होते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की शिकवणारेच आळशी. तसं नाही, आणि हे म्हणताना मी व्यवसायबंधूंची पाठराखण करत नाही, हिशेब मांडते. वर्गात साठ जण. प्रत्येकाची एक पोस्ट आणि दोन प्रतिसाद, म्हणजे आठवड्याला एकशे ऐंशी. प्रत्येकीला दोनच मिनिटं दिली तरी सहा तास नुसते वाचण्यात जातात. निबंध, क्विझ, मेल अजून बाकीच. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा आकडा सत्तावीसशेवर जातो. कोण वाचणार? म्हणून मग प्रणालीच मोजते: पोस्ट आली का, वेळेत आली का, दीडशे शब्द आहेत का. तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण पडली की गुण. शिक्षकाला वाचायची गरज उरत नाही, आणि वाचणारा कुणी नाही हे कळायला विद्यार्थ्याला दोन आठवडे पुरतात. रविवारी रात्री अकरा चाळीसला मी जे केलं ते माझं वाकडं वागणं नव्हतं. त्या रचनेत शहाणपणानं वागणारा कुणीही तेच करेल.

त्या आठवड्याला आम्हाला वाचायला होती ती गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांची 2000 सालची मांडणी. ऑनलाइन वर्गाला तीन प्रकारची उपस्थिती लागते असं ते म्हणतात: विचारांची, माणसांची आणि शिकवणाऱ्याची. आमच्या चर्चेत माणसांची उपस्थिती दिसायला भरघोस होती, "आवडलं", "सहमत", "खूप छान". शिकवणाऱ्याची उपस्थिती सूचनाफलकापुरती. आणि विचार? शिकवणाऱ्याची उपस्थिती हा तीनपैकी एक पाय असा काढून घेतला की उरलेल्या दोघांचं काय होतं, याचं इतकं ताजं उदाहरण कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. ते आमच्या हातात होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही ते तपासायला सांगितलं नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. अभ्यासक्रमात दोष असणारच. या विषयाच्या अभ्यासक्रमात तर दोष हेच सर्वांत चांगलं शिक्षणसाहित्य. ते झाकून ठेवलं, याचं वाईट वाटतं.

कारण मला खरं शिकवलं ते झाकलेल्या बाजूनंच. एक प्रसंग सांगते.

माझ्या स्वतःच्या वर्गासाठी मी जी प्रणाली वापरते तिच्यात शिक्षकाला एक तक्ता दिसतो. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर शेवटचं लॉगिन कधी, कोणत्या पानावर किती वेळ, किती टक्के साहित्य उघडलं. ठराविक मर्यादेखाली गेला की नाव लाल होतं. मी कित्येक वर्षं या लाल नावांना मेल पाठवत होते. मजकूर तयारच असायचा: "आपण या आठवड्यात साहित्याकडे लक्ष दिलेलं दिसत नाही." मला तो फार कर्तव्यदक्षपणा वाटायचा.

मग पदवीच्या पहिल्याच सत्रात तसाच मेल मला आला. मी वाचनसाहित्य एकदाच उघडलं होतं, चार मिनिटं. तेवढ्यात सगळ्या फाइल उतरवून घेतल्या, छापल्या, आणि आठवडाभर पेन्सिल घेऊन वाचल्या. प्रवासात वाचल्या, रात्री वाचल्या, समासात भांडले. मी त्या सत्रात जितकं मन लावून वाचलं तितकं नंतर कधी वाचलं नाही. प्रणालीच्या लेखी मी चार मिनिटांची विद्यार्थिनी होते. माझ्याच गटातले एक गृहस्थ व्हिडिओ लावून बाजूला ठेवायचे आणि घरची कामं उरकायचे. त्यांचं नाव कायम हिरवं. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं.

मेल वाचून आधी राग आला. मग आठवत बसले, मी आजवर किती जणांना हा मेल पाठवला असेल. त्यांतला एखादा कुणाच्या तरी फोनवर, कुणाच्या तरी उधारीच्या इंटरनेटवर पाच मिनिटांत सगळं उतरवून घेत असेल, ही शंका मला एकदाही आली नव्हती. शिक्षिका म्हणून आणखी वीस वर्षं काढली असती तरी आली नसती. तक्त्यात जे दिसतं ते बटणं दाबल्याचं मोजमाप आहे, शिकल्याचं नाही. हे वाक्य मी नंतर पाठ्यपुस्तकातही वाचलं, अधोरेखित केलं, परीक्षेत लिहिलं. पण कळलं होतं ते लाल झाल्यावर.

म्हणून मला वाटतं, अशा प्रत्येक अभ्यासक्रमानं पहिल्या सत्रातच विद्यार्थ्याला त्याची स्वतःची नोंद द्यावी. घ्या, प्रणालीला तुम्ही असे दिसता. तुम्ही प्रत्यक्षात काय केलं ते शेजारी लिहा. दोन्हींत कुठं मेळ बसतो, कुठं नाही, आणि का? एवढा एक स्वाध्याय डेटाविश्लेषणावरच्या चार मॉड्यूलांना भारी पडेल. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, खर्च नाही. लागते ती फक्त आपल्या कारभाराकडं विद्यार्थ्याला बोट दाखवू देण्याची तयारी, आणि तीच दुर्मीळ.

आता सॉफ्टवेअर किती शिकवतात, या उत्सुकतेकडं. शिकवतात, बरीच. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये परस्परसंवादी धडे बनवायला शिकण्यात वर्षं घातली. अॅडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि ते धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. त्यातल्या ज्यांना फक्त फ्लॅश येत होतं त्यांच्या हाती काही उरलं नाही. ज्यांना आपण धडा असा का रचला हे सांगता येत होतं, त्यांनी तो दुसऱ्या साधनात पुन्हा बांधला.

साधनांपेक्षा या विषयाला इतिहास जास्त लागतो, आणि तो सहसा पहिल्या आठवड्यात दोन स्लाइडमध्ये गुंडाळला जातो. थॉमस एडिसननं 1913 मध्ये सांगितलं होतं की चित्रपटांमुळं शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. 1920 च्या दशकात सिडनी प्रेसी यांनी बहुपर्यायी प्रश्न विचारून उत्तर तपासणारं यंत्र बनवलं. 1953 मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पाहुणा म्हणून बसले होते. गणितं सोडवून झालेली मुलं रिकामी बसलीत, न जमलेली अडकलीत, आणि आपलं बरोबर आलं की चूक हे कुणालाच दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नाही, हे त्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी त्यांचं अध्यापनयंत्र तयार होतं. निरीक्षण पक्कं होतं, आजही आहे. माझ्या सतरा गुणांना तेवीस दिवस लागले ते याच दुखण्यानं. पण निरीक्षण बरोबर म्हणून उपाय बरोबर ठरत नाही, हेही त्याच यंत्रांच्या पुढच्या इतिहासातून शिकायचं असतं.

मग 2005 मध्ये प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप अशी निकोलस निग्रोपॉन्टे यांची घोषणा आली. पेरूनं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. 2012 मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेचा अभ्यास आला: मुलांच्या हाती संगणक आले हे खरं, गणित आणि भाषेच्या चाचण्यांत मात्र परिणाम आढळला नाही. त्याच 2012 मध्ये मूक, म्हणजे हजारो-लाखोंसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम, विद्यापीठांची गरजच संपवणार अशी हवा होती. आदल्या वर्षी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका खुल्या वर्गाला दीड लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं, हवा तिथूनच सुटली. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी 2019 मध्ये एडएक्सवरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी मांडली, तेव्हा 2017-18 मध्ये ते पूर्ण करणारे नोंदणीच्या जेमतेम तीन टक्के निघाले. नाव नोंदवणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी तर अभ्यासक्रमाच्या पानावर पाऊलही ठेवलं नव्हतं. नव्याचे नऊ दिवस म्हणायचं, तर हे नऊ दिवस दर दहा वर्षांनी नव्यानं येतात. एडिसनचं वाक्य यंत्राचं नाव बदलून आजच्या कुठल्याही जाहिरातीत खपून जाईल.

हा इतिहास पाठ हवा तो निबंधासाठी नव्हे, बैठकीसाठी. कल्पना करा: मोठं टेबल, समोर कंपनीचा माणूस, पडद्यावर डॅशबोर्ड, त्यावर मुलांची नावं एकेक करून लालची हिरवी होताहेत. सगळे खूष. अशा वेळी या विषयाची पदवी असलेल्या माणसानं विचारायचं असतं: नाव हिरवं झालं म्हणजे मुलाला नेमकं काय यायला लागलं? ज्या शाळांत हे आधी वापरलं तिथं तुलनेला दुसरा गट होता का? मुलांची माहिती कुठं जाते, किती वर्षं राहते, करार संपल्यावर कोण पुसतं? शेवटचा प्रश्न शंकेखोरपणाचा नाही. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं 2022 मध्ये 49 देशांच्या सरकारांनी महासाथीत शिफारस केलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली, आणि त्यांतली सुमारे 89 टक्के मुलांच्या हक्कांना धोका पोचेल किंवा त्यांचं उल्लंघन होईल अशा रीतीनं माहिती हाताळताना दिसली. ती उत्पादनं कुणीतरी निवडली होती, कुणीतरी शिफारसपत्रावर सही केली होती.

असं विचारणारा माणूस टेबलाभोवती अप्रिय होतो. त्याला "तंत्रज्ञानविरोधी" म्हणतात, जणू काही वैद्यानं औषधाचे दुष्परिणाम सांगितले म्हणजे तो औषधविरोधी झाला. आणि नेमकी ही अप्रिय व्हायची तयारी बहुतेक अभ्यासक्रम करून घेत नाहीत. कारण सरळ आहे. ज्या अभ्यासक्रमानं दोन वर्षं "स्वतःबद्दल प्रश्न विचारू नका, वेळेत सबमिट करा" हीच सवय लावली, त्याचा विद्यार्थी कंपनीच्या माणसाला कुठून प्रश्न विचारणार? रविवारी रात्री बारापर्यंत दीडशे शब्द भरायला शिकलेला माणूस समितीतही दीडशे शब्दच भरतो.

यावर एक उलट मुद्दा ऐकू येतो: हे सगळं ठीक, पण आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तीच अभिप्राय देईल, तीच सत्तावीसशे पोस्टी वाचेल. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आधी तिनं लिहायला सुरुवात केली, वाचायला नंतर. आता एका बाजूला यंत्र पोस्ट लिहितं, दुसऱ्या बाजूला यंत्र गुण देतं, आणि मध्ये आम्ही पासवर्ड टाकायला उरलो. मला यात यंत्राचा दोष दिसत नाही. जे काम यंत्रानं इतक्या सहज उरकलं ते माणसाकडून करून घेण्याजोगं मुळातच नव्हतं, एवढंच उघडं पडलं. "मुद्दा फार आवडला" हे मीही यंत्रासारखंच लिहीत होते.

यंत्रशिक्षकाचं गुणगान करताना बेंजामिन ब्लूम यांच्या 1984 च्या निबंधाचा हवाला हमखास येतो: एकास-एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा मोजायचं हे माप) पुढं जातो. हवाला देणारे सांगत नाहीत की मुळात ते दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रबंधांमधले, थोड्या आठवड्यांचे प्रयोग होते, आणि त्यात शिकवणीच्या जोडीला पक्कं येईपर्यंत पुढं न जाण्याची पद्धतही होती. कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम दोनवरून 0.79 वर आला. चांगल्या संगणकी शिक्षकाचाही त्याच्या आसपासच, 0.76. हे आकडेही काही वाईट नाहीत, उलट उमेद वाढवणारे आहेत. फक्त जाहिरातीतले नाहीत. दोन आणि पाऊण यांतला फरक ज्याला ठाऊक आहे तो समितीत बसलेला असावा, एवढंच माझं मागणं.

मग हा अभ्यासक्रम करावा का? ज्यांच्यासमोर उद्या सकाळी वर्ग आहे त्यांनी करावा. काल वाचलेलं आज वर्गात करून पाहता येतं, फसतं, आणि फसलेलं घेऊन परत अभ्यासक्रमात येता येतं. नुकत्या पदवीधरांना मी थांबा म्हणते. त्यांच्याकडं तपासून पाहायला अजून काही नसतं, त्यामुळं प्रत्येक सिद्धांत खराच वाटतो. प्रवेश घेण्याआधी मात्र संस्थेला फोन करून विचारावं की एका शिक्षकामागं विद्यार्थी किती, निबंध तपासून किती दिवसांत मिळतो, आणि चालू सत्रातला एखादा आठवडा आतून पाहायला मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांना माहितीपत्रकातली उत्तरं मिळतात. तिसऱ्याला कोण काय म्हणतं, त्यावरून माझं मत ठरतं. आणि जे शिक्षक बढतीच्या गुणांसाठीच करताहेत त्यांना माझा सल्ला लागत नाही. त्यांचं गणित सुटलेलं असतं.

माझ्या शेवटच्या प्रकल्पासाठी मी याच अभ्यासक्रमाची तपासणी करायची परवानगी मागितली. विषय कळवला तेव्हा व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शक मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं आवाज गेला, मी "मॅडम, ऐकू येतंय ना?" असंही विचारलं. मग त्या म्हणाल्या, "करा. पण मला आधी दाखवा, समितीला नंतर." एका सत्रातल्या चर्चेच्या सगळ्या पोस्टी मी नावं काढून वाचल्या, त्यांत माझ्याही होत्या. दुसऱ्याच्या पोस्टमधलं एखादं विधान उचलून त्याला आधारासह हरकत घेतलीय अशा पोस्टी शोधत होते. बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि जवळजवळ सगळ्या अशा तीन आठवड्यांतल्या होत्या, ज्यांत शिक्षकानं स्वतः मधेच येऊन कुणालातरी "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असं विचारलं होतं. मॅडमनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. पुढच्या तुकडीला दर आठवड्याऐवजी सत्रात चारच चर्चा ठेवल्या, आणि त्या चारही स्वतः वाचल्या, असं नंतर कळलं. बावन्न मिनिटांचा व्हिडिओ अजून तसाच आहे म्हणे.

माझ्या वर्गाच्या प्रणालीतला शेवटच्या लॉगिनचा रकानाही अजून आहे. तो लपवायची सोय कुठं दिसते का म्हणून मी सगळी सेटिंग्ज पालथी घातली, नाही. नावं अजूनही लाल होतात. आता मी त्यांना मेल पाठवत नाही, फोन करते, आणि पहिलं वाक्य "फाइल उतरवून घेतल्यात का?" असं असतं. निम्मी मुलं हो म्हणतात.